माळकऱ्याने मोहोळ धरावे काय?

लोणंदच्या तळावर रात्रीचे कीर्तन आटोपले होते. पावसाची भुरभुर चालू होती आणि राहुटीत आम्ही सात-आठ जण पडल्या पडल्या बोलत होतो. जावळी खोऱ्यातला एक माळकरी बराच वेळ गप्प होता. वय साठीच्या पुढचे, अंगात जुनी बंडी, गळ्यात झिजलेली माळ. तो एकाएकी उठून बसला आणि म्हणाला, “माउली, एक विचारू का? राग न्हाई ना येणार?”

“अहो बाबा, वारीत राग कसला? विचारा.”

“माज्याकडं मधाच्या चार पेट्या हायेत. मोहोळ धरून आणतो, पेटीत ठेवतो, वैशाखात मध काढतो. गावातली मानसं म्हनत्यात, माळ घातलीस आन् चोरी करतोस. मुक्या जिवाचं घर लुटतोस. मी एका बोवांना विचारलं, तर ते म्हनले, माळ ठेवा न्हाईतर पेट्या ठेवा. पुढं बोललेच न्हाईत. आता तुमी सांगा, ही चोरी हाय का?”

मी काही तरी उत्तर देणार, एवढ्यात तोच पुढे म्हणाला, “आन् आनखी एक. गेल्या साली वारीला आलो आन् परत जाऊन बगतो, तर दोन पेट्या रिकाम्या. पावसाळ्यात त्यास्नी खायाला नव्हतं. मी हितं टाळ वाजवत व्हतो आन् तिकडं त्या उपाशी निघून गेल्या. ह्याचं पाप कुनाला?”

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. खोटे कशाला सांगू, पहिल्या प्रश्नाचे एक पुस्तकी उत्तर माझ्यापाशी तयार होते. दुसऱ्या प्रश्नाने ते जिभेवरच राहिले. नंतर फाल्गुनात मुद्दाम त्याच्या गावी गेलो, त्याचे काम डोळ्यांनी पाहिले, काही वाचले, जाणत्यांना विचारले. त्यावरून जे सुचले ते वाचक माउलींच्या पुढे ठेवतो. पटेल तेवढे घ्यावे.

प्रथम माझीच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे मी कोणत्या अधिकाराने बोलतो ते कळेल. लहानपणी आमच्या बांधावरच्या जुन्या आंब्याच्या ढोलीत सातेरीचे मोहोळ होते. एका संध्याकाळी गड्याने आणि आम्ही पोरांनी मिळून पेंढीची चूड पेटवली व ढोलीच्या तोंडाला लावली. माश्या जळून खाली पडत होत्या, त्यांचा तडतड आवाज येत होता आणि आम्ही हसत होतो. मग हात घालून सगळी पोळी ओढून काढली आणि फडक्यात घालून पिळली. फडके उलगडले तेव्हा मेणाच्या चोथ्यात पांढऱ्या अळ्या चिरडलेल्या दिसल्या. दुसरे दिवशी एकादशी होती. देव्हाऱ्यातल्या विठोबाच्या पंचामृतात तोच मध गेला. घरात कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही आणि मलाही वाटले नाही. आज पन्नासहून अधिक वर्षांनी वाटते. ज्या घरात मुंगीला साखर घालत, त्याच घरात हे घडले.

तेव्हा माळकऱ्याने मध खावा की नाही, हा वाद घालण्याआधी देवापुढे ठेवलेला मध कोठून आला, हे आपण कधी विचारले आहे काय? बाजारातून बाटली आणली, वाटीत ओतली, पूजा झाली. बाटलीमागे पेटलेली चूड आहे की पेटी आहे, ते बाटली सांगत नाही. गावकरी पेटीवाल्याला चोर म्हणाले. पण चूड लावणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही, कारण ते वाडवडिलांपासून चालत आलेले आहे. हा न्याय मला तरी उफराटा दिसतो.

आता ‘मध म्हणजे माशीची वांती, तो देवाला कसा चालतो’ असेही काही जण विचारतात. हा आक्षेप लवकर मिटण्यासारखा आहे. माशीच्या पोटात फुलांचा रस साठवण्याची पिशवी वेगळी असते आणि अन्न पचविण्याचे पोट वेगळे असते. रस आणणारी माशी तो घरातल्या माशीच्या तोंडात देते, ती दुसरीला देते, मग तो पोळ्याच्या कोठीत ठेवून पंखांच्या वाऱ्याने आटवतात. शंभर भागांत वीस भागांहून कमी पाणी उरले की मेणाचे झाकण घालतात. याला वांती म्हणणे म्हणजे घागरीतून हंड्यात ओतलेल्या पाण्याला घागरीची वांती म्हणण्यासारखे आहे. उष्टे म्हणाल, तर दूधही वासराचे उष्टेच. आणि वासराची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

खरा प्रश्न चोरीचा आहे आणि त्याहून खोल प्रश्न धरण्याचा आहे. ज्याला आपण ‘मोहोळ धरणे’ म्हणतो ते नेमके काय असते, हे पाहिल्याशिवाय निवाडा करता येणार नाही.

फुलोऱ्याच्या दिवसांत मोहोळ भरभराटले, माश्यांची दाटी झाली, की कामकरी माश्या नव्या राणीसाठी लांबट कोठ्या बांधतात. त्या कोठ्यांवर झाकण पडले, म्हणजे नवी राणी येणार हे ठरले, की जुनी राणी घर सोडते. तिच्याबरोबर घरातल्या निम्म्याच्या आसपास किंवा जास्तही माश्या निघतात. हे पहिल्याने ऐकले तेव्हा मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मला वाटले, नवीन असेल तिने नवीन घर शोधावे. तसे नाही. जुनीच जाते. बांधलेली पोळी, साठवलेला मध, कोठ्यांतली पिले, सगळे मागे ठेवून जाते. सोबतच्या माश्या पोटात मावेल तेवढाच मध घेतात. बाकीची सारी इस्टेट लेकीला.

आपल्याकडे सासू मरेपर्यंत कमरेची किल्ली सोडत नाही. मुलाच्या नावावर सातबारा करायचा म्हटले की म्हाताऱ्याला ताप भरतो. मी स्वतः अजून केलेला नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

तिला राणी म्हणतात, हेही नाव चुकीचेच पडले आहे. ती राज्य करीत नाही. कोठे जायचे, केव्हा जायचे, हे ती ठरवीत नाही. ती सगळ्यांची आई आहे, एवढेच. आपण वारकऱ्यांनी तरी तिला माउली म्हणायला हरकत नाही.

घर सोडून निघालेला थवा जवळच्याच एखाद्या फांदीवर लोंबत बसतो. हा त्याचा मुक्काम. तेथून वाटाड्या माश्या चारी दिशांना जागा पाहायला जातात. झाडाची ढोली, भिंतीतले भगदाड, वारूळ, कड्याची कपार, जे सापडेल ते आतून फिरून पाहतात. परत येऊन थव्याच्या अंगावरच नाचून जागेची दिशा आणि अंतर सांगतात. जर्मनीतील म्युनिक शहरात १९४९ साली मार्टिन लिंडाउअर या अभ्यासकाने असा थवा पाहिला. नाचणाऱ्या माश्यांपैकी काहींच्या अंगाला काजळी होती, काहींच्या अंगाला विटांची धूळ. युद्धात बाँब पडून ते शहर उद्ध्वस्त झालेले होते; माश्या धुरांड्यांत नि पडक्या भिंतींत घर शोधून आल्या होत्या. एरवी फुलांवरून येणाऱ्या माश्या परागाने माखलेल्या असतात. ह्या मळलेल्या का, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्यावरून सगळा उलगडा झाला. लिंडाउअरचे गुरू कार्ल फॉन फ्रिश यांना माश्यांच्या नाचाची भाषा उलगडल्याबद्दल १९७३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे अमेरिकेत टॉमस सीली यांनी दाखवून दिले की, चांगली जागा पाहून आलेली माशी जास्त वेळ नाचते, दुसऱ्या माश्या ती जागा स्वतः पाहून येतात, आणि हळूहळू सगळ्यांचे एकमत होते. मग थवा उठतो. कोणाच्या हुकुमावरून नव्हे. आपल्या दिंडीचे सामान घेऊन पुढे गेलेली माणसे तळावर जागा पाहून राहुट्या ठोकतात, मागून आपण टाळ वाजवीत जातो, तशातला हा प्रकार. फरक एवढाच की, राहुटीच्या जागेवरून आपल्या दिंड्यांत अधूनमधून भांडण होते.

आता या लोंबणाऱ्या थव्याला पेटीत घेणे म्हणजे चोरी काय? चोरीला मालक लागतो. ज्याने घर आपण होऊन सोडले, ज्याच्यापाशी पोटातल्या मधाखेरीज काही नाही, त्याचे आपण काय चोरले? त्याला घर नाही, आपण देतो. सातेरीला काय रुचते हे पेटीवाले आता जाणतात. दोन-अडीच घागरींपेक्षा मोठी पोकळी तिला नको, दार लहान हवे, आत अंधार हवा, मुंग्या नकोत आणि आधी कोणी तेथे सुखाने नांदल्याची खूण असली तर उत्तम. म्हणून आमचा हा माळकरी रिकाम्या पेटीला आतून जुने मेण वितळवून चोळतो, दारापाशी गवती चहाचे पान चुरगाळतो आणि पेटी जांभळीच्या बेचक्यात बांधून ठेवतो. गवती चहाच्या वासाचे काही द्रव्य माशीच्या स्वतःच्या ‘या, इकडे या’ अशा बोलावण्याच्या गंधातही असते. वाटाड्या माशी येते, आत फिरते. पटले तर पाहुण्यांना घेऊन येते, न पटले तर निघून जाते. यात धरणे कोठे आले? ही तर धर्मशाळा बांधणे झाले.

फांदीवरचा थवा उतरवताना मी पाहिला. तिन्हीसांजेची वेळ होती. थवा आंब्याच्या खालच्या फांदीला लिंबाच्या घोसासारखा लोंबत होता. बाबांनी त्याच्यावर ओंजळभर पाणी शिंपडले, खाली पेटी धरायला मला सांगितले. माझे हात थरथरत होते. ते म्हणाले, “भिऊ नगा. ह्या टायमाला ह्यांच्या पोटात मध असतो आन् राखायला घर नसतं. ज्याला राखायचं काय न्हाई, ते कशाला चावंल?” मग “रामकृष्ण हरी” म्हणून त्यांनी फांदीला एक हिसका दिला. धपकन मोठा गोळा पेटीत पडला. काही माश्या फांदीवर राहिल्या, काही हवेत. मी म्हटले, “अर्ध्या राहिल्या की!” ते म्हणाले, “थांबा. माउली आत हाय का भाईर, ते त्याच सांगतील.” थोड्याच वेळात पेटीच्या दाराशी दहा-पंधरा माश्या शेपटी वर करून पंख हलवू लागल्या आणि त्यांचा गंध हवेत पसरला. बाहेरच्या माश्या रांगेने चालत आत जाऊ लागल्या. कोणी ढकलले नाही, कोणी ओढले नाही. माउली बाहेर राहिली असती, तर आतल्याही माश्या उठून फांदीवर परत गेल्या असत्या.

हे पाहिल्यावर ‘कोंडतोस’ हा आरोप मला टिकण्यासारखा वाटला नाही. मात्र बाबांनी प्रामाणिकपणे पुढचेही दाखवले. पेटीच्या दाराला लावायची एक जाळी असते. तिच्या भोकांतून कामकरी माशी जाते, पण अंगाने मोठी राणी बाहेर पडू शकत नाही. नवा थवा पळू नये म्हणून ही जाळी काही दिवस लावतात. काही ठिकाणी तर राणीचे पंखच कातरतात. आईला अडकवले की लेकरे जातील कोठे, असा हिशेब. “ही जाळी मी चार दिवस लावतो. लावू का नको?” त्यांनी विचारले.

येथे माझे मत स्पष्ट आहे. पंख कातरणे हे पाप, त्याला दुसरे नाव नाही. जाळीविषयी मी इतका कठोर होणार नाही. नव्या सुनेचाही पहिले चार दिवस जीव घरात रमत नाही, पण म्हणून कोणी दाराला कुलूप घालत नाही, हे लक्षात ठेवावे. त्यापेक्षा जाणते पेटीवाले दुसऱ्या पेटीतली पिलांची एक चौकट नव्या थव्याला देतात. पिले दिसली की माश्या त्यांना सोडून सहसा जात नाहीत. थव्याला थांबवायचे तर काही तरी सांभाळायला देऊन थांबवावे, हे मला जास्त बरे वाटते. बाबांनाही पटले. जाळी त्यांनी लगेच फेकली नाही, खुंटीला टांगून ठेवली. एवढे मी पाहिले.

ढोलीत पोळी बांधून नांदत असलेले मोहोळ काढणे ही मात्र निराळी गोष्ट. त्यासाठी झाडाची ढोली फोडतात, पोळी कापून केळीच्या सोपटाने चौकटींना बांधतात, राणीला वेगळी धरतात. हाताला कसब असेल, तर पिले वाचतात आणि पेटीत नांदूही लागतात. पण तेथे घर होते आणि ते आपण मोडले. झाड कोसळायला आले आहे, भिंत पाडायची आहे, किंवा आपण न काढले तर उद्या दुसरा कोणी चूड लावणार आहे, अशा वेळी काढावे. एरवी नांदते घर नांदू द्यावे. बाबांच्या चारांपैकी दोन पेट्या अशाच ढोलीतून आणलेल्या. ते मान खाली घालून बसले. मी पुढे बोललो नाही.

आणखी एक प्रकरण त्यांच्या गावी घडले होते, तेही चोरीच्या प्रश्नातलेच. शेजाऱ्याच्या पेटीतून थवा सुटला आणि बाबांच्या आंब्यावर बसला. तो कोणाचा? गंमत अशी की, ह्या वादाला दीड हजार वर्षे झाली. रोमन सम्राट जस्टिनियनच्या वेळी इ.स. ५३३ मध्ये झालेल्या कायद्याच्या ग्रंथात लिहिले आहे की, माशी ही रानटी जात, पेटीत घेईपर्यंत ती कोणाचीच नाही. पण आपल्या पेटीतून सुटलेला थवा जोवर नजरेच्या टप्प्यात आहे आणि त्याच्या मागे जाणे अवघड नाही, तोवर तो आपला. कायदा इतके सांगतो. बाबांनी शेजाऱ्याच्या दारात जाऊन हाक मारली, “तुमचं मोहोळ माज्याकडं आलंय, न्यायला या.” शेजारी म्हणाला, “माझ्याकडे पेटी नाही, तुम्हीच घ्या.” मग घेतले. हाक मारण्याआधी घेतले असते, तर मी त्याला चोरी म्हटले असते, कायदा काही म्हणो.

आता मध काढण्याविषयी. येथे आपल्या ग्रंथांकडे वळले पाहिजे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, हे आपल्याला ठाऊक आहे. नाथमहाराजांनी त्यावरच आपली टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ मध्ये काशीस पूर्ण केली. त्या चोविसांत माशीही आहे आणि मध काढून नेणाराही आहे! माशीपासून अवधूत दोन गोष्टी शिकला. एक, अनेक फुलांतून थोडे थोडे घ्यावे. आपण माधुकरी म्हणतो ती यावरूनच. दुसरी, साठा करू नये, नाहीतर साठ्यासकट नाश होतो. आणि मधुहा, म्हणजे मध काढणारा, याच्यापासून तो शिकला की, कृपणाने कष्टाने साठविलेले शेवटी दुसराच कोणी उपभोगतो.

हे वाचून एखादा पेटीवाला म्हणेल, “पाहा, शास्त्रातच आहे, माशी कृपण, आम्ही मधुहा, आम्ही काढले तर काय बिघडले?” हा अर्थ चुकीचा आहे, असे मी नम्रपणे म्हणतो. गुरूपासून एक गुण घ्यायचा असतो, त्याच्या सगळ्या आचरणाला मान्यता द्यायची नसते. त्याच चोविसांत अजगरही आहे. अजगर गुरू आहे म्हणून कोणी शेजाऱ्याची शेळी गिळत नाही. साठा करू नये, हा बोध संन्याशाला आहे. माशी साठा करते तो स्वतःसाठी नव्हेच. भर हंगामात कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. वैशाखात साठवलेला मध श्रावणात खाणारी माशी बहुधा दुसरीच असते. पुढच्यांच्या तोंडी लागावे म्हणून ठेवलेल्याला कृपणाचे धन कसे म्हणावे? आणि ती थोडे थोडे घेते, त्याने फुलाचे नुकसान होत नाही. उलट पराग या फुलाचा त्या फुलाला पोचतो आणि फळ धरते.

म्हणून पेटीवाल्याने मधुहा होण्यापेक्षा मधुकर व्हावे. म्हणजे काय, हे सांगायला वासराची गोष्ट राखून ठेवली होती. शेतकऱ्याच्या घरी गाय व्याली की, वासरू पाजून उरेल ते दूध आपले. सगळे पिळून वासरू हाडावर आणणाऱ्याला गाव नावे ठेवते. पेटीत खालचा खण पिलांचा, वरचा मधाचा. चौकटी सुट्या निघतात. १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याने पोळ्यांमधल्या मोकळ्या अंतराचे मर्म ओळखले, तेव्हापासून हे साधले. वरच्या चौकटी मधयंत्रात फिरवायच्या, मध निघतो, पोळे शाबूत राहते, ते परत ठेवायचे. पिलाला धक्का नाही. वर्ध्यास १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, पुण्यास १९६२ साली मधमाश्यांची केंद्रीय संशोधन संस्था निघाली, महाबळेश्वराकडचे मांघर हे २०२२ साली ‘मधाचे गाव’ झाले. या सगळ्यांमागे चूड विझावी हाही एक हेतू आहेच. पण यंत्राने हिंसा टळते, लोभ टळत नाही. वरचा खण रिकामा करून कोणी खालच्या खणालाही हात घालू लागला, तर यंत्र त्याला अडवीत नाही.

आणि येथेच बाबांचा दुसरा प्रश्न येतो. आमच्या सह्याद्रीत ज्येष्ठात पाऊस लागला की माश्यांना बाहेर पडता येत नाही. फुले धुऊन जातात. रानातले मोहोळ साठवलेल्या मधावर हे दिवस काढते. पेटीतल्या माश्यांचा साठा आपण वैशाखात नेलेला असतो. म्हणजे आपण पालखीबरोबर निघतो ते दिवस नेमके त्यांच्या उपासाचे. सातेरी स्वभावाने मानी आहे. भूक, मुंग्या, मेणात पडणारी कीड किंवा फार छेडाछेड झाली, की ती भांडत नाही. एके दिवशी पोळी तशीच टाकून सगळ्यांसह निघून जाते. बाबांच्या दोन पेट्या अशाच गेल्या.

“मग मी वारी सोडू का?” असे त्यांनी फाल्गुनात मला पुन्हा विचारले. चाळीस वर्षे न चुकलेली वारी. विचारताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

सोडू नका, असे झटकन म्हणणे सोपे होते. देवाच्या दारी जाणाऱ्याला पाप कसले, असेही म्हणता आले असते. पण मला तसे म्हणवेना. थवा रानात गेला असता, तर त्याची भूक त्याच्या नशिबाची होती. आपण बोलावले, आपण घरात घेतले, आपण त्याचा मध नेला. आता त्याची भूक आपली झाली. दारात बांधलेली गाय उपाशी ठेवून कोणी पंढरीला गेला, तर आपण त्याला भक्त म्हणू काय? जो पांडुरंग भेटायला आला असता पुंडलिकाने आईबापांची सेवा सोडली नाही आणि वीट पुढे सरकवली, तो त्या विटेवर अजून उभा आहे. त्याला थांबण्याचा राग येत नाही, हे तर आपल्या संप्रदायाचे मूळ आहे. मला असेही वाटते की, रिकामी पेटी झाडाला बांधून वाट पाहणारा आणि वीट टाकणारा, यांच्यात काही नाते असावे. पण हे माझ्या मनातले, त्यावर कीर्तन करू नये.

मी बाबांना एवढेच म्हणालो की, वैशाखात वरच्या खणातला सगळा मध काढू नका, निम्मा राहू द्या. त्याला किंमत नाही असे समजा. पावसात साखर नि पाणी सारखे घेऊन, उकळून, निववून, संध्याकाळी आत ठेवायचे. सांडू द्यायचे नाही, नाहीतर मुंग्या येतात. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या. हे काम घरात कोणाला शिकवून तयार करा. कोणी तयार झाले नाही, तर त्या वर्षी घरी बसून हरिपाठ म्हणा. तीही वारीच समजा, असे मी म्हणालो खरा, पण म्हणताना माझा आवाज पक्का नव्हता. मला कोणी असे सांगितले असते, तर मी ऐकले असते की नाही कोण जाणे.

वैशाखाच्या शेवटी त्यांच्या नातवाने फोन करून निरोप सांगितला. या वर्षी मध कमी निघाला, कारण अर्धा ठेवला. सून पेटी उघडायला भीत होती, तिला दोनदा माशी चावली. आता ती डोक्यावर पदर घेऊन, हळू हाताने चौकट उचलते आणि आजोबांपेक्षा बरी उचलते. पाक कसा करायचा ते तिने भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे. तरी पहिला आठवडा आजोबा स्वतः घरी थांबून ती कसे करते ते पाहणार आहेत. आळंदीचे प्रस्थान त्यांना या वर्षी मिळणार नाही. ते लोणंदला येऊन मिळतील, त्यांची जागा राहुटीत धरून ठेवा, असे त्यांनी सांगितले आहे. जांभळीच्या बेचक्यातली पेटी अजून रिकामी आहे.